खोली नंबर तीनची रांग हीच का?

मतदानाच्या रांगेत अनोळखी माणसांमध्ये होणारे संभाषण हा बोलण्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. एसटीतल्या, लग्नाच्या मांडवातल्या आणि दवाखान्याच्या बाकावरच्या गप्पांशी त्याचे नाते असले, तरी एका बाबतीत तो या सर्वांहून वेगळा पडतो. ज्या कामासाठी सगळे जमलेले असतात, त्या कामाचा गाभा येथे कोणी उच्चारायचा नसतो. लग्नात वधूवरांविषयी बोलता येते, दवाखान्यात आजाराविषयी बोलावेच लागते. मतदानाच्या रांगेत मात्र ‘कोणाला?’ हा एक प्रश्न सोडून बाकी सर्व विषय खुले असतात, आणि ते सर्व विषय त्या एका प्रश्नाचे उत्तर हुडकण्यासाठीच काढलेले असतात.

रांगेतला अनोळखी माणूस हाही पुरता अनोळखी नसतो. मतदार यादी गल्ल्या, वाड्या आणि सोसायट्यांच्या क्रमाने लागते. एका केंद्राला साधारण हजार ते दीड हजार नावे जोडलेली असतात. म्हणजे पुढे उभा असलेला इसम बहुधा हाकेच्या अंतरावर राहतो, त्याच वाण्याकडून साखर आणतो आणि त्याच खड्ड्यात पाय मुरगाळून घेतो. शहरात तर तो वरच्या मजल्यावरचाही निघतो. अलीकडे मोठ्या गृहसंकुलांतही मतदान केंद्रे ठेवतात. तेथे बी विंगमधल्या दोन गृहस्थांची पहिली भेट निवडणूक आयोगाच्या सौजन्याने होते. “म्हणजे तो कुत्रा तुमचा!” हे वाक्य अशा वेळी ऐकू येते. त्यात आनंद किती आणि जुना हिशेब किती, हे कुत्र्यावर अवलंबून असते.

या प्रकाराला आजचे तेज आले ते मोबाइलबंदीमुळे. मतदान केंद्रात फोन नेण्यास मनाई असते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी या बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेली याचिका फेटाळली गेली, आणि मराठी माणसाचे समोरासमोरचे बोलणे आणखी एका दिवसापुरते वाचले. फोन स्कूटरच्या डिकीत, चहावाल्याच्या गल्ल्याजवळ किंवा बायकोच्या पर्समध्ये ठेवला जातो. मग बायको बाहेर आणि नवरा आत, नंतर नवरा बाहेर आणि बायको आत, अशी पाळी लागते. फोन गेल्यावर पहिली पाच मिनिटे हात सारखा खिशाकडे जातो. खिशात मतदार ओळखपत्र लागते. करायला दुसरे काही नसल्याने माणूस ते काढून पाहतो, शेजारचाही डोकावतो, आणि संभाषण सुरू होते.

ओळखपत्रावरच्या छायाचित्राने बोलण्याला जेवढी चालना दिली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने दिली असेल. ही पत्रे १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना सुरू झाली. जुन्या पत्रांवरील चेहरा धारकाचा आहे हे मानण्यासाठी लोकशाहीवर गाढ श्रद्धा लागते. “हे तुम्हीच का?” असे शेजारी विचारतो. “केस होते तेव्हा,” असे उत्तर येते. मग तो आपले पत्र दाखवतो. त्यावर एक काळा ठिपका आणि खाली वडिलांचे चुकीचे नाव असते. दोघेही समाधानाने पत्रे परत खिशात घालतात. ओळख पटवण्याच्या या साधनाने ओळख खरोखरच होते, फक्त आयोगाला अभिप्रेत होती ती नव्हे.

जेथे छायाचित्राचा योग येत नाही तेथे सुरुवात ठरलेल्या वाक्याने होते: “खोली नंबर तीनची रांग हीच का?” दारावर खडूने ठळक ‘३’ लिहिलेला असतो, बाण काढलेला असतो, तरी हा प्रश्न पडतोच. त्याला “हो” असे सरळ उत्तर देणारा माणूस अजून रांगेत उभा राहायचा आहे. उत्तर प्रश्नानेच दिले जाते: “तुमचा भाग कितवा?” येथे ‘भाग’ म्हणजे यादीचा भाग क्रमांक. मग चिठ्ठ्या निघतात, चष्मे निघतात, आणि मागच्यापुढच्या चार जणांची एक तपास समिती आपोआप तयार होते. समितीचा निर्णय बहुतेक वेळा असा लागतो, की पाऊण तास उभ्या असलेल्या एका काकांची रांग ही नव्हेच, त्यांची खोली नंबर पाच, जिन्याच्या पलीकडे. काका गेले की उरलेल्यांत एकाएकी जिव्हाळा वाढतो. ते बिचारे चुकले याचे वाईट वाटते, पण एक नंबर पुढे सरकल्याचे लपत नाही.

चिठ्ठीचे एक शास्त्र आहे. ती बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, घरी आणून दिली नसेल, तर बाहेर टेबले मांडून बसलेल्या पक्षांच्या कार्यकर्त्यांकडून घ्यावी लागते. नियमाप्रमाणे हा कागद पांढरा हवा. त्यावर उमेदवाराचे नाव, पक्ष किंवा चिन्ह चालत नाही. कागद निरपेक्ष असला तरी टेबल निरपेक्ष नसते. कोण कोणत्या टेबलापाशी वाकला यावर समोरच्या चहाच्या टपरीवरून बारीक लक्ष असते. म्हणून मुरलेला मतदार ज्याला मत द्यायचे नाही त्याच्या टेबलावरून चिठ्ठी घेतो, वर तिथल्या कार्यकर्त्याच्या पाठीवर थाप मारतो, आणि रांगेत आल्यावर कोणी विचारण्याआधीच सांगतो, “ते टेबल जवळ पडलं, म्हणून.” ऐकणारा मान हलवतो. त्याने स्वतःही तेच केलेले असते.

भाग जुळला की गाव येते. “मूळचे कुठले?” हा महाराष्ट्रातील कोणत्याही दोन अनोळखी माणसांमधला दुसरा प्रश्न असतो. कोल्हापुरात तो “कुठलं म्हणायचं पाव्हणं?” असा येतो आणि त्यामागून चहाचे आमंत्रण येण्याची शक्यता असते. मुंबईत तो गावाकडून स्टेशनाकडे सरकतो, पूर्व की पश्चिम इथपर्यंत पोहोचतो. पुण्यात “तुम्ही इथले की नंतर आलेले?” असे विचारतात. यात ‘नंतर’ म्हणजे कोणत्या शतकानंतर, ते विचारणाऱ्याच्या आजोबांवर ठरते. आडनाव, गाव आणि बोलण्याची ढब यांची बेरीज करून समोरच्याचे मत काढणारे गणिती प्रत्येक रांगेत असतात. ते मनातल्या मनात हिशेब करतात, उत्तरावर खूश होतात आणि निकालाच्या दिवशी टीव्हीवर चिडतात.

कायद्याची अडचण येथे सुरू होते. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला २५० रुपयांपर्यंत दंड आहे. आजच्या भावाने ही रक्कम दोन मिसळी आणि चहाची होते, तरी तिचा धाक टिकून आहे. दारावरचा हवालदार जवळून गेला की जोरात चाललेले राजकारण क्षणात पावसापाण्यावर येते. हवामान हाच एक बिनधोक विषय असा समज आहे, पण तो खरा नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे अशी पाच टप्प्यांत झाली, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांतला एक नमुनेदार संवाद असा चालतो:

“ऊन फार आहे.”

“पूर्वी नव्हतं हो एवढं. झाडं होती.”

“तोडली ना सगळी.”

“रस्ता व्हायला नको का?”

“झाला का?”

पाच वाक्यांत दोघांनीही आपापले मत सांगून टाकलेले आहे. चिन्हाचे, पक्षाचे, उमेदवाराचे नाव कोणीही घेतलेले नाही, आणि हवालदाराने ऐकले असते तर त्याने वनखात्याकडे बोट दाखवले असते.

सूचक बोलण्याचा हा शब्दसंग्रह मोठा नाही, पण नेमका आहे. “काम बघून द्यायचं” असे म्हणणाऱ्याने ठरवलेले असते. “सगळे सारखेच” म्हणणाऱ्यानेही ठरवलेले असते, फक्त त्याला त्याची थोडी लाज वाटते. “बघू आत गेल्यावर” म्हणणारा चार पिढ्यांपासून एकाच पक्षाचा असतो. “बदल हवा” हे पूर्वी विरोधकांचे वाक्य होते. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यानंतर ते कोणीही कोणत्याही अर्थाने म्हणू शकतो. ज्येष्ठ मतदारांना याचा विशेष त्रास झाला. एखादे आजोबा अभिमानाने “आम्ही पहिल्यापासून घड्याळवाले” म्हणतात आणि मागून कोवळा आवाज येतो, “आजोबा, आधीचं घड्याळ की आत्ताचं?” आजोबांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो, आणि खरे म्हणजे तो फक्त अचूक असतो. धनुष्यबाण आणि मशाल यांच्याबाबतही अशीच चौकशी करावी लागते. एका वाक्यात आपली निष्ठा सांगण्याची सोय या राज्यात काही काळापुरती बंद आहे.

रांग संथ असेल तर बोलण्याला सर्वांत मोठा आधार मिळतो तो यंत्राच्या आवाजाचा. मत नोंदले गेले की आतून लांब ‘पीं’ ऐकू येते. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण रांग त्या सात सेकंदांवर विश्वास ठेवत नाही; ती दोन ‘पीं’मधले अंतर मोजते. अंतर वाढले की तर्क सुरू होतात. “आत कोण गेलंय?” “ते जाड भिंगाचे.” “वाचत बसले असतील.” “नोटा शोधत असतील, शेवटी असतं ते.” नोटाचे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून यंत्रावर आले, आणि आतल्या प्रत्येक विलंबाचा दोष तेव्हापासून त्याच्या माथी येतो. महापालिकेच्या निवडणुकीत हा प्रकार कळसाला पोहोचतो. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडायचा असतो. पुण्यात २०१७ मध्ये बहुतेक प्रभागांतून चार-चार निवडायचे होते, म्हणजे मतेही चार. त्या वर्षी दोन ‘पीं’मध्ये एखाद्याचे सबंध आत्मचरित्र ऐकून व्हायचे. “एक राहिलं, एक राहिलं” असे आतून अधिकारी ओरडत आणि बाहेर सगळे त्या न दिसणाऱ्या मतदाराला उद्देशून “दाब की!” म्हणत. तत्त्वतः हीसुद्धा प्रचारबंदीच्या हद्दीतली सूचनाच होती, पण तिच्यावर कोणी गुन्हा नोंदवला नाही.

टक्केवारीचा जाणकार हा रांगेतला मानकरी. दर दोन तासांनी जाहीर होणारा आकडा फोन नसतानाही त्याच्यापर्यंत पोहोचतो. अकरा वाजेपर्यंत किती झाले, त्यातून कोणाचे नुकसान, हे तो बोटांवर सांगतो, आणि शहरातल्या लोकांना सुट्टी मिळाली की ते लोणावळ्याला पळतात हे सांगताना स्वतः लोणावळ्याला गेलो नाही याचा त्याग आवाजात आणतो. या तक्रारीत तथ्य आहे. मुंबईचे मतदान २०१९ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेलाही सोमवारी आले होते, शनिवार-रविवारला जोडून. २०२४ च्या विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला. त्या बुधवारी कोल्हापूर जिल्ह्यातील करवीरमध्ये ८४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि कुलाब्यात ते ४५ टक्क्यांच्याही आत राहिले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की कुलाब्यात संभाषण रंगात यायच्या आत नंबर लागतो, आणि करवीरमध्ये त्यातून सोयरीक जुळायलाही वेळ मिळतो.

स्त्रियांची रांग वेगळी असते आणि तिचे नियमही वेगळे. पुरुषांच्या रांगेत जे अर्ध्या तासाने येते ते येथे तिसऱ्या वाक्यात येते. “ताई, सकाळचं सगळं आवरून आलात का?” या प्रश्नाला उत्तर मिळाले की घरात माणसे किती, त्यात कामाची किती, सून नोकरी करते का, हे सर्व ओघाने कळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या महिना १५०० रुपयांमुळे “तुमचे आले का?” हा सलामीचा प्रश्न झाला होता. पुरुष ज्या गोष्टीभोवती पाच वाक्यांचा फेरा घालतात ती येथे “आमच्या ह्यांनी सांगितलंय एकाला द्यायला” अशी सरळ सांगितली जाते आणि पाठोपाठ असे हसू येते, की ‘ह्यांच्या’ सांगण्याचे पुढे काय होणार ते आसपासच्या सर्वांना कळावे. गुप्त मतदानाचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, याचा अभ्यास करणाऱ्याने ही रांग पाहावी.

या रांगेला एक जुना संदर्भही आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली, कारण त्यांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याऐवजी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांतल्या. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे घेऊ नयेत असा आग्रह धरला. आज तीच यादी आतला अधिकारी मोठ्याने वाचतो आणि बाहेरून दुरुस्ती येते, “शालिनी नाही, शालन! दर वेळी तेच!”

गावात हा विषय जवळजवळ उद्भवत नाही, कारण तेथे अनोळखी माणूसच नसतो. अपवाद मुंबईकराचा. ग्रामपंचायतीला सातारा, पाटण किंवा रत्नागिरीकडच्या गावात मुंबईहून गाड्या भरून मतदार येतात, आणि रांगेत त्यांची नातवंडे शर्ट-पँट-गॉगल लावून उभी राहतात. “तू कुणाचा रं?” हा येथला एकमेव प्रश्न. उत्तर देता आले की आजोबांपासूनची सगळी कुंडली समोरचाच सांगतो. मतदाराने काहीच बोलायचे शिल्लक राहत नाही. त्याचे मतही गावाला आदल्या रात्रीपासून माहीत असते.

रांग मोडण्याविषयीचे बोलणे वेगळ्या जातीचे आहे. “मी इथंच होतो, जरा सावलीत बसलो होतो” असे म्हणत एक गृहस्थ येतात. कोणालाच ते आठवत नाहीत. येथे निकाल देतो तो मागचा माणूस, आणि तो संकोचाने “हो, होते बहुतेक” म्हणतो, कारण त्यालाही मघाशी चहाला जाऊन यायचे होते आणि पुढेही जावे लागेल. “जरा बघा हं, मी आलोच” या पाच शब्दांवर एका अनोळखी माणसाची जागा दुसऱ्याच्या ताब्यात येते. लेखी काही नसते, तरी हा करार सहसा मोडला जात नाही. बँकेने कर्ज देताना या रांगेतला माणूस ओळखायला हरकत नाही.

दाराशी पोहोचल्यावर मात्र बोलणे तुटते. शिपाई तीन-चार जणांना आत घेतो आणि बाहेरचा वाचाळ गृहस्थ चेहरा गंभीर करतो. पहिला मतदान अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, ते उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की तासभर ज्याच्याशी गप्पा झाल्या त्याचे नाव प्रथमच कळते. ज्यांना गावावरून आणि बोलण्यावरून कुलकर्णी समजून चाललो ते पाटील निघतात, आणि मनातले गणित ऐन वेळी कोलमडते. आता ते दुरुस्त करायला सवड नसते. प्रतिनिधीला मतदाराच्या ओळखीचीच शंका असेल, तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. गेल्या कित्येक वर्षांत भाव न वाढलेली ही देशातील एक दुर्मीळ सेवा आहे.

दुसरा अधिकारी सही घेतो आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई ओढतो. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते आणि लोकसभेच्या निवडणुकीत १९६२ पासून वापरात आहे. बाहेर आल्यावर संभाषणाचा शेवटचा तुकडा तिच्यावरच होतो: “तुमची ठळक आलीय.” “मागच्या वेळी महिनाभर होती हो.” एवढे बोलून दोघे फाटकाबाहेर पडतात, आपापले फोन ताब्यात घेतात, बोटाचे फोटो काढतात, आणि ज्याला मघाशी बायपासपासून जावयाच्या पगारापर्यंत सर्व सांगितले त्याच्याकडे पुन्हा पाहत नाहीत. नंबर घ्यायचे कोणाच्या मनात येत नाही. पुढच्या निवडणुकीत भेट होईल, त्या वेळी भाग कितवा ते विचारता येईल.

सायंकाळी सहाला जे रांगेत असतील त्यांना मत देऊ दिले जाते. नंतर येणारा घुसू नये म्हणून केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि वाटप शेपटाकडून सुरू होते: सर्वांत शेवटच्या माणसाला चिठ्ठी क्रमांक एक. दिवसभर टाळाटाळ करून पाच वाजून एकोणसाठ मिनिटांनी धापा टाकत आलेल्या गृहस्थाच्या हाती असा पहिला नंबर पडतो. पुढे दीड तास तो सर्वांना ती चिठ्ठी दाखवतो, आणि त्याच्या पुढे उभा असलेला दोन नंबरवाला विचारतो, “मग आधी तुम्ही जायचं का?”